वलांडीवरची सावली

कमळनं छत्री गुडघ्यावर घेऊन मोडली, तेव्हा तिची एक तार सटकन सुटली आणि सुगंधाच्या गालावर ओरखडा काढत गेली. आधी नुसती पांढरी रेघ उमटली, मग ती लाल झाली आणि रक्त हनुवटीपर्यंत आलं. वेसाव्याच्या मासळी सुकवायच्या खळ्यात बायकांच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. पण वैशाखातल्या भर दुपारी सासूनं पाच महिन्यांच्या पोटुशी सुनेच्या थोबाडीत मारली, तिची छत्री मोडली आणि ती मोडकी छत्री तिच्याच पायांवर फेकली, हे बघून बोंबलांच्या जोड्या हातात धरलेल्या बायका जागच्या जागी थांबल्या. कमळला वाटलं, पोर आता रडेल. रडली असती तर बरं झालं असतं. दोन शिव्या घालून, गालाला हळद लावून प्रकरण मिटवता आलं असतं. पण पोर रडली नाही. ती बघत राहिली, आणि ते बघणं कमळला सहन झालं नाही. "लय ऊन लागतं काय गो तुना? मंग र्‍हा उभी इथंच! ही वलांडी सुकल्याबिगर हलायचं नाय." एवढं बोलून ती पाठ फिरवून जाळ्यांच्या मांडवाकडे निघाली. पाठीमागे पावलं वाजतील, पोर पाया पडेल, निदान घराकडे पळेल, असं तिला वाटत होतं. मांडवात पोहोचेपर्यंत मागे काहीच वाजलं नाही.

मांडवात जाळ्यांच्या ढिगावर बसून तिनं बघितलं, तर सुगंधा जिथं सोडली होती तिथंच उभी. उघड्या डोक्यानं, हात दोन्ही बाजूंना सोडून. दोष काय होता पोरीचा? कमळनं मनातल्या मनात फिर्याद मांडायला घेतली, कारण हात उचलून झाल्यावर माणसाला फिर्याद लागतेच. खळ्याचा नियम कोळणीच्या पोरीला काय शिकवावा लागतो? वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या त्या आडव्या दोर्‍यांवर, जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगले की त्यांच्यावर सावली पडू द्यायची नाही. ढगाची पडली तर तो देवाचा मामला. माणसाची पडता कामा नये. म्हणून सकाळी वलांडीच्या पश्चिमेला उभं राहायचं, दुपार कलली की पूर्वेला जायचं. तोंड कायम उन्हाकडे, सावली आपल्या पाठीमागे. वेसाव्याच्या कोळणींची तोंडं काळी झाली ती या नियमानं, आणि त्या काळेपणाचा त्यांना माजही होता. आणि या बयेनं काय केलं, तर दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून आपली जांभळी घडीची छत्री सुतळीनं थेट वलांडीच्या खांबालाच बांधली! छत्रीची गोल सावली पहाटेच्या ताज्या मालावर. शेजारच्या वलांडीवरच्या सोनूबाईनं कोपरानं ढोसून दाखवलं, "बघ गो कमळ, तुझ्या सुनेनं बोंबलांना मांडव घातलाय." सगळ्या खिंकाळल्या. त्या हसण्यानंच कमळचं डोकं फिरलं, खोटं कशाला बोला.

सुगंधा खारदांड्याची. कोळ्याचीच पोर, पण मॅट्रिक झालेली, आणि लग्नाआधी वांद्र्याला औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली. तिथं ती काय काय शिकून आली होती. उन्हात निघण्याआधी तोंडाला गुलाबी औषध चोपडायची. वाळलं की तोंड माकूल मासळीसारखं पांढरं पडायचं. "माकूल फासून आली गो!" असं बायका म्हणायच्या, आणि तीही हसायची. मग दिवस राहिले, गालांवर वांग उठले, हातांवर लाल चट्टे आले, तेव्हा अंधेरीच्या डॉक्टरणीनं सांगितलं, "उन्हात जाऊ नका. जावंच लागलं तर छत्री घ्या." डॉक्टरणीला काय जातंय सांगायला? कमळ म्हणाली होती, "आमी काय पोरं काढली नाय? सावलीत काढली?" आणि बोलता बोलता तिची जीभ अडखळली होती. का अडखळली, ते घरात कुणाला कळलं नाही. हरेश्वरला, तिच्या एकुलत्या एका पोराला तर नाहीच. तो साकीनाक्याच्या कारखान्यात लेथवर कामाला होता आणि वर्षभर एकच टुमणं लावून बसला होता, "आये, घाटकोपरला खोली मिळतेय. सुगंधाला इथलं ऊन सोसत नाय. आमी जातो." कमळनं ते टुमणं प्रत्येक वेळी हाणून पाडलं होतं. एकदा जेवणाचं ताट भिरकावून, एकदा तीन दिवस न जेवता. पोर गेलं की घर गेलं, नातवंड गेलं. मग उरलं काय, नवर्‍याचं, रामचंद्राचं घोरणं? सून इथंच बाळंत होईल आणि नातवाला मी खळ्यात खेळवीन. बस, एवढंच तिला हवं होतं.

सावलीवर तिचा राग छत्रीच्या आधीपासूनचा होता. खळ्याच्या पूर्वेला पूर्वी ताडमाड होते. त्यांची सावली पातळ, हलती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते तोडले आणि तिथं बिल्डिंग उभी राहिली. बघता बघता इतकी चढली की सकाळचं कोवळं ऊन खळ्यात यायचंच बंद झालं. नऊ वाजून गेले तरी वलांड्या ओल्या. माल कुबट व्हायला लागला. वर गॅलरीत उभ्या राहणार्‍या बाया नाकाला रुमाल लावून वासाची तक्रार करायच्या, आणि संध्याकाळी त्याच बाया काळे गॉगल, टोपडी, रंगीत छत्र्या घेऊन समुद्राची हवा खायला उतरायच्या. ऊन मावळायला आलेलं, आणि यांच्या छत्र्या उघड्या! आमचं ऊन खाल्लं ते खाल्लं, वर त्याच उन्हाला भितात. कमळच्या लहानपणी उन्हाला कोण भीत होतं? बायका खोबरेल तेल थापायच्या, डोक्यावर ओला फडका, फडक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, आणि अनवाणी चालत बाजारात. पुरुषांच्या डोक्याला लाल टोपी. रामचंद्रही घालायचा. आता ती टोपी लग्नात नाचण्यापुरती निघते. एरवी म्हातारा कुठल्याशा टायर कंपनीची फुकट मिळालेली चोचवाली टोपी घालून बसतो. आणि पोरांच्या तर डोक्यालाच काही नाही, केसांचे कोंबडे विस्कटतात ना! सगळं बदललं. बदलू दे. पण छत्री वलांडीला? माझ्या खळ्यात? बिल्डिंगला मला हात लावता येत नाही म्हणून काय कुणीही यावं आणि माझ्या मालावर सावली पाडावी? हे मनात आलं आणि कमळ एकदम दचकली. कारण बिल्डिंगचा राग कुणावर काढला, हे तिचं तिलाच दिसलं.

"अजून उभी हाय गो," सोनूबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात हसू नव्हतं. "जा, बोलाव तिला. पोटुशी हाय."

"येल आपली आपन."

"सुंभ जळेल पन पीळ जानार नाय. तुझ्यासारकीच हाय ती."

मांडवाच्या दुसर्‍या टोकाला रामचंद्र जाळं विणत बसला होता. त्यानं सगळं बघितलं होतं. थोबाडीत मारल्याचा आवाज तर त्याला ऐकू गेलाच होता. कमळनं त्याच्याकडे बघितलं. चोचवाली टोपी आणखी खाली ओढून तो म्हणाला, "बायकांचं बायकांनी बघावं." आणि सुईत दोरा ओवू लागला. हेच वाक्य. अगदी हेच, याच आवाजात. हे वाक्य कमळनं आधी ऐकलं होतं ते वाळूत आडवी पडलेली असताना. रामचंद्राचे फक्त पाय दिसत होते तेव्हा. त्याच्या पायांशेजारी पुतळाबाईचे पाय होते, आणि आपल्या मांड्यांमधून गरम गरम काहीतरी वाहत होतं.

पुतळाबाई म्हणजे तिची सासू. तेव्हा कमळ सतरा-अठराची असेल, पहिलटकरीण. त्या दिवशी तिला गरगरत होतं म्हणून ती किनार्‍यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या शिडाखाली जाऊन बसली होती. फार नाही, पान खाऊन होईल एवढा वेळ. शिडाच्या सावलीत वाळू थंड होती. तिनं पाय त्यात खुपसले होते, आणि पोटातलं पोर हललं होतं. ते हलणं तिला आज इतक्या वर्षांनीही आठवत होतं. आत मासळीनं शेपूट मारावी तसं. तेवढ्यात पुतळाबाईनं केस धरून तिला बाहेर ओढलं. डोक्यावरचा फडका हिसकावून वार्‍यावर सोडून दिला. "सावलीत बसायला राजाची रानी काय गो तू?" आणि तिला वलांड्यांच्या मधोमध उभं केलं. कमळ उभी राहिली. तेव्हा सासूला उलट बोलायची रीत नव्हती. रीत नव्हती म्हणजे काय, ते सुचतच नव्हतं. आधी टाळू तापला, मग कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, मग सगळे बोंबील एकदम तिच्याकडे बघायला लागले, उघड्या जबड्यांनी. मग पाय गेले. संध्याकाळी मुलगा झाला, मेलेला. चार बायकांनी तिला उचलून घरात नेलं होतं. पुतळाबाई म्हणाली, "पोटातच दम नव्हता." ऊन हा शब्द घरात कुणी काढला नाही. आणि रामचंद्र पहाटे डोक्यावर लाल टोपी घालून होडीवर निघून गेला.

त्यानंतर कमळनं पुतळाबाईला रोज ठार मारलं. मनात हो. मासळी चिरताना कोयता तिच्या मानेवर चालवला, रात्री तिच्या तोंडावर गोधडी दाबली, खाडीत ढकललं, उकळतं तेल ओतलं. वरून मात्र "होय आय, नाय आय." पुढं म्हातारीचे पाय गेले तेव्हा कमळच तिला न्हाऊ घालायची, चमच्यानं पेज भरवायची. गाव म्हणायचं, सून असावी तर अशी. थंडीत ती म्हातारीची खाट अंगणात उन्हाला काढायची, आणि आत उचलायला विसरायची. ऊन डोक्यावर यायचं, म्हातारी हाका मारायची, "कमळ, गो कमळ, डोळ्यांवर येतंय गो," आणि कमळ चुलीपाशी बसून ऐकत राहायची. दर हाकेला तिला बरं वाटायचं. इतकं बरं की भीती वाटायची. म्हातारी मेली तशी कमळ धाय मोकलून रडली. आणि तेराव्याला तिनं मनाशी शपथ घेतली, आपल्या घरात सून येईल ती पोटुशी असताना उन्हाचं नखही तिला लागू देणार नाही. वा गं शपथ! चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. कमळच्या वाट्याला सुनेचे चार दिवस आलेच नव्हते, आणि सासूचे आले तर त्यांत तिनं काय केलं? शिडाऐवजी छत्री होती, एवढाच फरक. केस ओढायच्या जागी थोबाडीत दिली होती. तोंडातून शब्दसुद्धा म्हातारीचेच निघाले होते. इतकी वर्षं आपण जिला मारत आलो, ती मेलीच नव्हती तर. आपल्याच हाताच्या आत बसून होती.

कमळ उठली. वाळू तळव्यांना चटका देत होती, पण आता तेही तिला कमीच वाटलं. सुगंधाचं तोंड जवळून बघितलं तर पांढर्‍या औषधात रक्ताची रेघ वाळून काळी पडलेली, ओठ सुकलेले, आणि डोळे अर्धे मिटलेले. पायांत किंचित कंप. तो कंप कमळ ओळखत होती. "चल घरात," ती म्हणाली. जमेल तेवढं हळू म्हणाली, पण बायका ऐकत होत्या, म्हणून आवाज नेहमीसारखा कोरडाच निघाला.

"नाही."

"चल म्हनते ना."

"तुम्हीच सांगितलंत ना, हलायचं नाही? नाही हलत. मेले इथं तर मेले. सांगा तुमच्या मुलाला, छत्री लावली म्हणून मारली."

"ये पोरी, पोटातल्याचा तरी इचार कर."

"तुम्ही केलात?"

आता माफी मागायची. तेवढंच उरलं होतं, आणि तेवढंच कमळला येत नव्हतं. तिला माफी कुणी शिकवली नव्हती. तिला हात शिकवला होता. तिनं सुगंधाचा दंड पकडला आणि ओढलं. सुगंधानं हिसडा दिला. कमळनं तिचे केस धरले. आतून कुणीतरी ओरडत होतं, नको, केस नको, पण बोटं मिटली होती ती मिटली. तेव्हा सुगंधानं वलांडीला टेकवलेला बांबू उचलला आणि फिरवला.

पहिला फटका कानावर बसला. समुद्र एकदम बंद पडला. दुसरा खांद्यावर. कमळ वलांडीवर आदळली, दोर्‍या तुटल्या आणि ओले बोंबील तिच्या तोंडावर, छातीवर, तोंडात आले. तिसरा फटका जबड्यावर बसला आणि दाढ निखळल्याचं तिला स्पष्ट कळलं. "पुन्हा हात लावशील?" सुगंधा किंचाळत होती. अहो-जाहो सगळं गळून पडलं होतं. "लावशील हात? माझ्या पोराला मारशील? बोल!" फटका. "बोल!" फटका. कमळनं हात वर केले नाहीत. दुखत होतं, मरणाचं दुखत होतं, आणि दुखण्याच्या खाली कुठंतरी तिला मोकळं वाटत होतं. मार, ती मनात म्हणाली. मार गो पोरी, आणखी मार. मी नाय मारलं, म्हनून माझं पोर गेलं. एक बांबू उचलायचा होता. किती बांबू पडले होते खळ्यात तेव्हा! एकही नाय उचलला. सगळी वर्षं ती पुतळाबाईला दोष देत आली होती. आज पहिल्यांदा तिला त्या सतरा वर्षांच्या गप्प पोरीचाही राग आला, आणि रागापाठोपाठ तिची इतकी कीव आली की बोंबलांच्या चिखलात पडल्या पडल्या तिला हुंदका फुटला.

"सुनेनं सासूला मारलं गो! धावा!" बायका बोंबलत आल्या. दोघींनी सुगंधाला मागून धरलं, बांबू हिसकावला. हरेश्वरची आठवड्याची सुट्टी होती, घरात झोपला होता. कुणीतरी त्याला उठवून आणलं. तो उघडाच धावत आला आणि त्यानं काय बघितलं, तर आई वाळूत, तोंडातून रक्त, आणि बायकोचा श्वास भात्यासारखा चाललेला. माणूस दुसरं काय करणार? त्यानं बायकोची वेणी हाताला गुंडाळली आणि तिचं डोकं मागे खेचलं. "माझ्या आयला मारतंस? तुझ्या..." आणि हात वर गेला.

कमळ कशी उठली ते तिला कळलं नाही. हाताला दोरी आली, दोरीत अडकलेले बोंबील आले, त्यांच्यासकट तिनं पोराच्या तोंडावर फटकारा मारला. मग दुसरा. लहानपणीसुद्धा तिनं त्याला कधी मारलं नव्हतं. "सोड तिला! वेनी सोड, भाड्या, नायतर हात तोडीन!"

"आये, तिनं तुला..."

"मारलं. मंग? मीच आधी मारलं तिला. पोटुशी बाईला मी उन्हात उभी केली, ह्या सगळ्या रांडांनी बघितलं, एकीनं तोंड उघडलं नाय. तुझ्या बापानं बघितलं, त्यानं सुईत दोरा ओवला." रामचंद्र मांडवातून उठून दोन पावलं पुढं आला होता, तो तिथंच थांबला. "तुझ्या आधी एक पोर झालेला मना. तुना म्हाईत नाय. कुनी सांगितलंच नाय. मेला तो. तुझ्या आजीनं मना अशीच उभी केली, आनि मी राहिली उभी." बोलताना तोंडातून दाढ बाहेर आली, तिनं ती वाळूत थुंकली. हरेश्वरच्या हातातून वेणी आपोआप सुटली.

"रिक्षा आन," कमळ म्हणाली. "हिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरनीकडं ने. मंग खारदांड्याला, तिच्या आयकडं. आनि तिकडनं ती घाटकोपरची खोली बघ."

"आनि मी?"

"तू पन जा तिच्यासंगं. इथं नाय र्‍हायचं. माझा भरवसा नाय मना." वर्षभर ज्याच्यासाठी ताटं फेकली ते सगळं ती आपल्या तोंडानं देऊन मोकळी होत होती, आणि आतून फाटत होती. एकदा तिला वाटलं, पोर म्हणेल, नाही आये, मी नाही जात. त्यानं बायकोकडे बघितलं, आणि नाक्याकडे रिक्षा आणायला पळाला.

सुगंधा कमळच्या समोरून गेली. पाया पडली नाही, माफी मागितली नाही, दिलीही नाही. कशाला द्यावी? फक्त एकदा थांबली, पोटावर हात दाबला, आत काही हललं का याचा अंदाज घेतला असावा, आणि मग भरभर, मान ताठ ठेवून, गालावरचं वाळलेलं रक्त तसंच ठेवून खळ्याच्या बाहेर पडली. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. थोड्या वेळानं रिक्षाचा आवाज आला आणि दूर गेला. कमळ वाळूत बसून राहिली. कान अजून बधिर होता. सोनूबाईनं पाण्याचा तांब्या आणून पुढं केला, आणि राहवलं नाही म्हणून बोललीच, "केलंस काय गो हे? सून गेली, पोर गेलं. सगळी वाट लावून घेतलीस."

कमळनं चूळ भरली. पाणी लाल होऊन वाळूत जिरलं.

"मना उचलून नेलेली," ती म्हणाली. "ती चालत गेली."